बिबूमी: पत्त्याच्या पोटात पत्ता ठेवणारा गेटवे

पुण्यातल्या आमच्या अकरा जणांच्या मित्रमंडळाचा स्वतःचा चॅट सर्व्हर आहे. तो एक्सएमपीपीवर, म्हणजे निरोप धाडण्याच्या ज्या खुल्या पद्धतीला जुनी मंडळी अजूनही जॅबर म्हणतात तिच्यावर चालतो. वेळच्या वेळी अपडेट करणे, प्रमाणपत्रांची मुदत सांभाळणे आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या तक्रारी ऐकणे हे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. मंडळातले चार-पाच जण मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत हातभार लावतात. त्या प्रकल्पांपैकी बऱ्याच जणांची बोलणी आजही आयआरसीवर, म्हणजे मजकुरातून गप्पा मारण्याच्या एका जुन्या पद्धतीवर, होतात, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या सर्व्हरला बिबूमी नावाचा गेटवे जोडला. इकडे एक्सएमपीपी, तिकडे आयआरसी आणि मध्ये दुभाष्या म्हणून बिबूमी, अशी ही रचना आहे. तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो आणि सर्व्हरशेजारी एक कंपोनंट म्हणून मुकाट्याने चालतो.

त्याचा वेग, मेमरीचा वापर किंवा तो कितीदा कोसळतो याबद्दल मी येथे फारसे लिहिणार नाही, कारण त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. हे परीक्षण जवळजवळ सगळे पत्त्यांविषयी आहे. दोन निराळ्या जगांना जोडणारे असे कोणतेही सॉफ्टवेअर चांगले की वाईट हे माझ्या मते एकाच प्रश्नावर ठरते: पलीकडच्या माणसाला अलीकडे कोणत्या नावाने हाक मारायची? व्हॉट्सॲपची सवय झालेल्या वाचकाला हा प्रश्न पडतच नाही, कारण तेथे मोबाइलचा क्रमांक हाच पत्ता असतो आणि सगळ्यांचा मालक एकच असल्यामुळे क्रमांकापुढे आणखी काही लिहावे लागत नाही. जेथे सर्व्हर अनेक आणि मालकही अनेक असतात, तेथे पत्ता नीट लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

एक्सएमपीपीचा पत्ता ईमेलसारखा दिसतो. आधी नाव, मग @ ही खूण, मग सर्व्हरचे नाव. आणि गरज असेल तर तिरक्या रेघेनंतर, तुम्ही फोनवरून बोलता की लॅपटॉपवरून हे सांगणारा तिसरा तुकडा. प्रत्येक तुकड्याला १०२३ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेत असल्यामुळे आपल्या लिपीत ती मर्यादा बरोबर ३४१ चिन्हांची होते, आणि एवढे लांब नाव ठेवायला कोणी जाणार नाही. अडचण लांबीची नसून निषिद्ध खुणांची आहे. नावाच्या तुकड्यात रिकामी जागा चालत नाही, आणि अवतरणचिन्हे, अँपरसँड, तिरकी रेघ, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे, कोनी कंस व खुद्द @ यांनाही तेथे मज्जाव आहे. पलीकडच्या जगात यांपैकी एखादी खूण नावात असली, तर ती अलीकडे आणायची कशी, याचे उत्तर म्हणून एक वेगळे परिशिष्ट तयार झाले. त्यानुसार निषिद्ध खुणेच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे त्या खुणेचा दोन अंकी संकेत लिहायचा असतो. @ साठी \४०, रिकाम्या जागेसाठी \२०, तिरक्या रेघेसाठी \२एफ. (प्रत्यक्षात हे संकेत आणि पुढे येणारे बहुतेक पत्ते रोमन अक्षर-अंकांत लिहावे लागतात, येथे वाचनाच्या सोयीसाठी ते देवनागरीत देत आहे.)

आता पलीकडची बाजू. आयआरसीचा जन्म ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांच्या हातून झाला आणि त्याचे नियम मे १९९३ मध्ये कागदावर आले. तेथे पत्ता अशी वस्तूच नाही. तेथे टोपणनाव असते, जुन्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ९ अक्षरांचे, आणि ते त्या क्षणी जोडलेल्या माणसापुरतेच असते. चर्चेच्या खोल्यांना चॅनेल म्हणतात आणि त्यांच्या नावाची सुरुवात बहुधा # ने होते. कोणता सर्व्हर हे नावात नसते, कारण तुम्ही त्याला आधीच जोडलेले असता. घरात हाक मारताना आपण आडनाव लावत नाही, तसाच हा प्रकार आहे.

बिबूमीने ही घरातली हाक टपालाच्या पाकिटावर कशी लिहिली ते पाहण्यासारखे आहे. ओएफटीसी या आयआरसी नेटवर्कवरच्या, डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या चॅनेलमध्ये जायचे असेल, तर आमच्या सर्व्हरवरून पत्ता असा होतो: #डेबियन%आयआरसी.ओएफटीसी.नेट@पूल.उदाहरण. यातला 'पूल.उदाहरण' म्हणजे आमचा गेटवे. टक्क्याच्या खुणेआधी चॅनेलचे नाव आणि खुणेनंतर आयआरसी सर्व्हरचे नाव. आपण पूर्वी पाकिटावर 'द्वारा' लिहून यजमानाचे नाव टाकत असू, ते काम येथे % करतो. ही युक्ती बिबूमीच्या कर्त्यांना नव्याने सुचलेली नाही. १९८० च्या दशकात ईमेल एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात धाडताना हीच खूण अशीच वापरत, आणि पुढे एमएसएन मेसेंजरसाठी जॅबरचे जे गेटवे निघाले त्यांतही हॉटमेलच्या पत्त्यातला @ काढून तेथे % बसवत असत. एमएसएन गेला, एआयएम २०१७ मध्ये, याहू मेसेंजर २०१८ मध्ये आणि आयसीक्यू २०२४ मध्ये बंद झाला. त्यांच्यासाठी लिहिलेल्या गेटवेंची दुकाने ओस पडली, पण ही टक्क्याची खूण टिकून राहिली.

या पद्धतीचा मोठा गुण असा की गेटवेकडे आधी नावनोंदणी करावी लागत नाही. जुन्या गेटवेंत प्रथम एक अर्ज भरायचा, पलीकडचे नाव आणि पासवर्ड द्यायचा आणि मग गाडी पुढे सरकायची. येथे पत्ता लिहिला की खोलीत प्रवेश. कोणत्या सर्व्हरला जोडायचे, कोणत्या चॅनेलमध्ये जायचे हे सगळे पत्त्यातच असल्यामुळे बिबूमी तो वाचतो आणि त्याबरहुकूम जोडणी करतो. आमच्यातल्या एका मैत्रिणीने कोणालाही काही न विचारता, केवळ मी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या एका ओळीच्या आधाराने, पहिल्याच दिवशी तीन चॅनेल गाठली. बुकमार्क जपून ठेवले की फोन बदलला तरी ती खोली नव्या फोनवर तशीच उघडते, आणि एकाच खात्यावरून फोन व लॅपटॉप दोन्ही एकाच टोपणनावाने आत बसू शकतात. आयआरसीच्या मूळ रीतीत ही चैन नाही.

त्याच गुणातून एक जबाबदारी येते आणि ती गेटवे चालवणाऱ्याच्या गळ्यात पडते. जेथे पत्ता हीच आज्ञा असते, तेथे कोणीही कोणत्याही सर्व्हरचे नाव पत्त्यात घालून तुमच्या यंत्राला तिकडे जोडणी करायला लावू शकतो. दाराला कडी नसेल तर तुमच्या आतल्या जाळ्यातल्या यंत्रांची नावेही कोणी त्यात घालून पाहील. म्हणून मी आमचा गेटवे फक्त आमच्याच खातेदारांपुरता ठेवला आहे. ज्यांना एकाच नेटवर्कशी काम आहे त्यांच्यासाठी बिबूमीत एक निश्चित सर्व्हर बांधून ठेवण्याची सोय आहे. ती चालू केली की % ची गरजच उरत नाही आणि पत्ता #डेबियन@पूल.उदाहरण एवढा सुटसुटीत होतो. एखाद्या संस्थेत गेटवे लावणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सोय सुचवेन. आम्हाला मात्र तीन-चार नेटवर्के लागतात, त्यामुळे लांब पत्ता आमच्या नशिबी आहे.

लांब पत्त्यात चुकीला जागा असते. बिबूमीच्या पत्त्यांचे तीन प्रकार एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांचे अर्थ मात्र पार वेगळे आहेत. # ने सुरू होणारा पत्ता म्हणजे चॅनेल. # नसलेला पण % असलेला पत्ता म्हणजे त्या नेटवर्कवरचा माणूस. आणि % सुद्धा नसलेला, नुसत्या आयआरसी सर्व्हरच्या नावाचा पत्ता म्हणजे तो सर्व्हर स्वतः, ज्याला पाठवलेला मजकूर थेट आयआरसीची आज्ञा समजला जातो. पहिल्याच आठवड्यात घाईने मी # विसरलो आणि चॅनेलच्या नावाच्या एका माणसाला लांबलचक प्रश्न विचारून बसलो. तसा माणूस तेथे नव्हता, म्हणून 'असे टोपणनाव नाही' एवढ्यावर ते भागले. असता, तर माझा प्रश्न शंभर जणांऐवजी एका अनोळखी माणसाकडे गेला असता आणि मी उत्तराची वाट पाहत बसलो असतो. चूक माझी होती हे कबूल आहे. पण एका खुणेच्या असण्या-नसण्यावर खोली आणि माणूस यांचा भेद ठेवणे ही रचना नवख्याच्या दृष्टीने कठोर आहे.

दुसरा प्रसंग अधिक शिकवून गेला. डेबियनच्या लोकांनी २००६ च्या जून महिन्यापासून आयआरसी.डेबियन.ऑर्ग हे आपले नाव ओएफटीसीकडे वळवलेले आहे. म्हणजे नावे दोन, पण सर्व्हर तेच. आमच्या चिठ्ठीवर ओएफटीसीचा पत्ता होता आणि मला कोणीतरी दुसऱ्या नावाने लिहिलेला पत्ता धाडला. मी तोही उघडला. गेटवेला ही दोन नावे म्हणजे दोन निराळी नेटवर्के वाटली, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही, कारण पत्त्यात जे लिहिले तेच तो प्रमाण मानतो. त्याने दुसरी जोडणी उघडली, माझे टोपणनाव सांगितले आणि पलीकडून उत्तर आले की हे टोपणनाव आधीच कोणीतरी घेतले आहे. ते घेणारा मीच होतो, शेजारच्या खिडकीत. आपल्याच घराच्या मागच्या दाराने आत शिरताना आपल्यालाच कोणी ओळखू नये, असा तो अनुभव होता. त्यानंतर मी मंडळाच्या चिठ्ठीवर प्रत्येक नेटवर्कचे एकच नाव ठरवून दिले आणि ते बदलायचे नाही असा दंडक घातला.

पत्त्यात सर्व्हरचे नाव कोरून ठेवण्याची खरी किंमत स्थलांतराच्या वेळी मोजावी लागते. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या कारभाऱ्यांनी बाहेर पडून लिबेरा.चॅट हे नवे नेटवर्क सुरू केले आणि पाठोपाठ शेकडो प्रकल्प तिकडे गेले. नुसता आयआरसीचा क्लायंट, म्हणजे गप्पांचे ॲप, वापरणाऱ्याला एका ठिकाणी सर्व्हरचे नाव बदलले की काम भागत होते, कारण त्याच्या चॅनेलांच्या नावांत सर्व्हर नव्हताच. बिबूमीच्या पद्धतीने साठवलेल्या प्रत्येक बुकमार्कात मात्र जुने नाव आहे, आणि एक्सएमपीपीच्या दृष्टीने नवा पत्ता म्हणजे नवी खोली; जुन्या खोलीचे साठलेले संवाद जुन्याच नावाखाली राहतात. आम्ही गेटवे लावला तेव्हा हा धुरळा खाली बसला होता, पण असे पुन्हा होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

टोपणनावांच्या बाबतीत बिबूमी प्रामाणिक आहे, आणि मला हा त्याचा सर्वांत आवडलेला स्वभाव वाटतो. एक्सएमपीपीत प्रत्येक खोलीत वेगळे टोपणनाव घेता येते. आयआरसीत एका नेटवर्कवर एका वेळी एकच. बिबूमी हा फरक झाकत नाही. पहिल्या चॅनेलमध्ये शिरताना जे नाव घेतले तेच त्या नेटवर्कवरच्या सगळ्या चॅनेलांत लागू होते, आणि एका खोलीत ते बदलले की सगळीकडे बदलते. आमच्यातल्या एकाने गमतीने एका चॅनेलमध्ये 'झोपलेला' असे नाव घेतले आणि दुसऱ्या चॅनेलमध्ये चाललेल्या कामाच्या चर्चेतही तो तसाच झळकला. त्याने गेटवेला दोष दिला. माझ्या मते गेटवेने दोन खोट्या जोडण्या उघडून त्याची समजूत काढण्यापेक्षा हे बरे झाले.

मात्र आयआरसीच्या टोपणनावाला कायमचा पत्ता समजून संपर्कयादीत घालणे हे धोक्याचे आहे. आज 'अमुक%आयआरसी.ओएफटीसी.नेट' या पत्त्यावर जो मित्र बसलेला असतो, तो उद्या जोडणी तुटून दुसऱ्या नावाने परत येऊ शकतो, आणि नावाची नोंद करून ठेवलेली नसेल तर ते मोकळे नाव तिसराच कोणी उचलतो. क्लायंटच्या यादीत मात्र तेच छायाचित्र, तीच जुनी बोलणी आणि तोच विश्वास दिसत राहतो. पत्ता एक्सएमपीपीचा वाटतो, पण त्यामागे एक्सएमपीपीचे खाते नसते. म्हणून मी आयआरसीवरच्या कोणालाही यादीत घालत नाही. खासगी बोलायचे असेल तर चॅनेलमधल्या उपस्थितांच्या यादीतून त्या माणसावर बोट ठेवून बोलतो.

अक्षरांच्या तुलनेतही दोन जगांचे कायदे जुळत नाहीत. एक्सएमपीपी पत्त्यातल्या नावाची सगळी रोमन अक्षरे लहान करून घेतो. आयआरसीही लहान-मोठे अक्षर एकच मानतो, पण त्याच्या स्कँडिनेव्हियन जन्मामुळे तेथे चौकोनी कंस हा महिरपी कंसाचे 'मोठे अक्षर' समजला जातो आणि उलटी तिरकी रेघ ही उभ्या रेघेचे. म्हणजे आयआरसीच्या मते जी दोन नावे एकाच माणसाची, ती एक्सएमपीपीच्या मते दोन वेगळ्या माणसांची असू शकतात. त्यात उलटी तिरकी रेघ ही इकडे निषिद्ध खुणांच्या संकेताची सुरुवात, आणि तिकडे टोपणनावातले एक साधे चिन्ह. असे टोपणनाव हाताने लिहिण्याच्या भानगडीत मी पडत नाही, जसे दिसते तसे उचलून चिकटवतो. चॅनेलच्या नावात तिरकी रेघ असेल तर मात्र \२एफ हाताने लिहिण्यावाचून उपाय नाही, आणि बिबूमी तो संकेत व्यवस्थित ओळखतो.

खरी परीक्षा होते ती हा पत्ता दुसऱ्याला दुवा म्हणून पाठवताना. वेबच्या दुव्यात # आणि % या दोन्ही खुणांना आधीच दुसरी कामे नेमून दिलेली आहेत. म्हणून #डेबियन%आयआरसी… हा पत्ता दुव्यात लिहिताना # च्या जागी %२३ आणि % च्या जागी %२५ लिहावे लागते, आणि त्यात \२एफ असेल तर त्या उलट्या रेघेचे %५सी होते. म्हणजे आयआरसीचे नाव एक्सएमपीपीच्या पाकिटात, ते पाकीट वेबच्या पाकिटात, आणि प्रत्येक पाकिटावर निराळ्या लिपीतली मोहोर. जो क्लायंट हे वेष्टन एकदाच चढवतो आणि एकदाच उतरवतो त्याच्यात सगळे सुरळीत चालते. आमच्यापैकी दोघे वापरत असलेला एक क्लायंट, ज्याचे नाव येथे घेत नाही, दुवा उघडताना ते दोनदा उतरवत असे. त्यामुळे %२५ चा % होऊन पुढच्या अक्षरांशी त्याची भलतीच जोडी जमे आणि 'पत्ता अवैध' एवढा एकच शेरा वाचायला मिळे. पत्ता कोठे बिघडला हे कळायला मला एक पूर्ण रविवार द्यावा लागला. शेवटी दुवे पाठवणे बंद करून साधा मजकूर पाठवायला लागलो.

क्लायंटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेटवे कितीही नेटका असला तरी वापरणाऱ्याला दिसतो तो क्लायंट. गजिम या संगणकावरच्या एक्सएमपीपी क्लायंटमध्ये गेटवेच्या आज्ञा मेनूतून चालवता येतात. आयआरसी सर्व्हरच्या पत्त्यावर जाऊन तेथला पासवर्ड, पोर्ट, जुन्या चॅनेलांसाठी अक्षरसंच हे सगळे फॉर्ममधून भरता येते, आणि ही सोय बिबूमीच्या स्वभावाला फार मानवते. फोनवर हेच काम मी चिओग्रॅम अँड्रॉइडवरून करतो. पत्ता घडवण्याचे काम वापरणाऱ्याच्या डोक्यावर न टाकण्याची एक जुनी रीत एक्सएमपीपीच्या गेटवेविषयक परिशिष्टात आहे: क्लायंटने गेटवेला विचारायचे की तुझ्याकडे माणूस कोणत्या नावाने ओळखतात, गेटवेने 'येथे टोपणनाव लिहा' असा मजकूर द्यायचा, आणि उत्तर मिळाल्यावर तयार पत्ता परत करायचा. मला वाटते, प्रत्येक गेटवेने आणि प्रत्येक क्लायंटने हे इमानेइतबारे केले असते, तर माझ्या चिठ्ठीची गरजच पडली नसती.

ती चिठ्ठी म्हणजे आता आमच्या मंडळाचे एक दस्तऐवजच झाले आहे. तिच्यावर सात पत्ते आहेत आणि प्रत्येकापुढे मराठी नाव: 'डेबियन, मदतीसाठी', 'फॉन्टवाले', 'रविवारचा कट्टा'. बुकमार्कमध्ये पत्त्याखेरीज वेगळे नाव ठेवता येते, ही सोय बरेच जण वापरत नाहीत. ती वापरली की खोल्यांच्या यादीत टक्के आणि हॅश दिसत नाहीत, आणि ज्यांना पत्त्याच्या रचनेत रस नाही त्यांना ती कधी पाहावीही लागत नाही.

एकंदर हा गेटवे मी पाचपैकी चारला बसवेन. ज्याला स्वतःचा सर्व्हर सांभाळता येतो आणि ज्याचे कामच आयआरसीवर आहे, त्याने तो जरूर लावावा. ज्याला घरच्या मंडळींना एका चॅनेलमध्ये आणून बसवायचे आहे, त्याने एक तर निश्चित सर्व्हरची सोय वापरावी, नाही तर सरळ त्या नेटवर्कचे वेबपान उघडून द्यावे. खासगीपणाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवतो: तुमचा एक्सएमपीपी पत्ता आयआरसीवर खरे नाव म्हणून दाखवण्याचा पर्याय त्यात आहे, पण तो मुळात बंद असतो आणि तो तसाच बंद राहू द्यावा.

देवनागरीविषयी लिहिल्याखेरीज मला हा लेख पुरा करता येणार नाही, जरी त्यातला दोष बिबूमीचा नसला तरी. आयआरसीच्या नियमानुसार टोपणनाव फक्त रोमन अक्षरे, अंक आणि थोड्या खुणांचे असू शकते. मंडळातल्या ज्यांनी देवनागरीत नावे घेतली होती ते गेटवेवर जाताच ४३२ क्रमांकाच्या त्रुटीवर, म्हणजे 'टोपणनाव सदोष' या शेऱ्यावर, अडखळले. (मूळ इंग्रजी नियमपुस्तिकेत या त्रुटीच्या नावातले 'सदोष' हेच स्पेलिंग सदोष आहे, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट.) प्रत्येकाने मग एक रोमन टोपणनाव घेतले आणि विषय मिटला.

त्याहून खोल पाणी एक्सएमपीपीच्या अलीकडच्या काठावरच आहे. ऑक्टोबर २००४ च्या मूळ नियमांनी पत्त्यातल्या अक्षरांची जी चाळणी ठरवली, ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना संकेत नेमून देणाऱ्या तक्त्याच्या, ३.२ या आवृत्तीवर गोठलेली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तिच्या जागी नवी चाळणी आली, पण अनेक चालू सर्व्हरांत अजून जुनीच आहे. आता मराठीतला 'ॲ' घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. जुन्या चाळणीच्या तक्त्यात ते नाहीच. काटेकोर सर्व्हर असे अक्षर असलेला पत्ता नाकारतो. आमच्या मंडळातल्या वकीलबाईंनी दुसरीकडच्या एका सर्व्हरवर आपल्या नावाआधी 'ॲड' लावून खाते काढायचा प्रयत्न केला, तो फसला. मग त्यांच्या मुलाने तेच अक्षर 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकड्यांत टाइप केले आणि ते बिनतक्रार चालले. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण यंत्राला ही दोन नावे कधीच एक वाटणार नाहीत. बाई आता ज्या कळफलकावरून लॉग-इन करतात, त्याच्यावर खाते उघडते की नाही हे ठरते.

दुसरे उदाहरण डोंगर भटकणाऱ्या मित्राचे आहे. त्याला 'डोंगरदऱ्या' असा पत्ता हवा होता. यातला अर्धा र, ज्याला आपण नांगऱ्या र म्हणतो, दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. मित्राच्या कळफलकाने दुसरी वाट धरली. जुनी चाळणी ते अदृश्य जोडचिन्ह टाकाऊ समजून पुसून टाकते, आणि ते पुसले की दरीचे अनेकवचन जाऊन समुद्र उरतो. खाते उघडले ते 'डोंगरदर्या' या नावाने. नवी चाळणी हलन्तानंतरचे हे चिन्ह राखते, पण तेथेही दोन प्रकारे टाइप केलेले दोन पत्ते दिसायला एक आणि असायला दोन होतील, तेव्हा चिठ्ठीवर 'ऱ टाइप करावा' ही आठवी ओळ मी घातलेलीच आहे. मित्राला पत्ता दुरुस्त करून देतो म्हणून दोनदा विचारले. गेल्या डिसेंबरात तो तारकर्लीला पाण्याखाली पोहायला शिकून आला, आणि आता त्याला तो बदलून नको आहे.